गाडी चालू होत नाही? आधी सेल्फचा आवाज सांगा

सांगलीच्या विश्रामबागेत माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. "दादा, बॅटरी गेली, नवी घेऊन या," असा फोन आला की मी आधी विचारतो, चावी फिरवल्यावर आवाज कसा येतो?

नुसतं 'टक' किंवा 'टकटकटक' होऊन मीटरचे दिवे मंदावत असतील, तर सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवून देणाऱ्या मोटरला, पुरेसा करंट मिळत नाही. पण तेवढ्यावरून बॅटरी संपली असं धरू नका. बॉनेट उघडून बॅटरीची टर्मिनल, म्हणजे वायर जोडलेली टोकं, हाताने हलवा. सैल लागलं किंवा त्यावर पांढरट-हिरवा थर दिसला, तर दहा नंबरचा पाना घ्या. आधी मायनस काढा, मग प्लस. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं पुसा. बसवताना आधी प्लस, शेवटी मायनस.

तरीही 'टक'च? मग बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १४ च्या जवळपास यायला हवेत. तेवढे येत नसतील तर बॅटरी चार्ज करणारा डायनामो तपासा, नाहीतर नवी बॅटरीही उतरेल.

कवठेमहांकाळचे एक द्राक्षबागायतदार वर्षात दोन बॅटऱ्या बदलून माझ्याकडे आले. बॅटरी १२.६, तरी सेल्फ 'टक'. मी मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला लावून सेल्फ मारायला सांगितला. अर्धा व्होल्टसुद्धा दिसायला नको, तिथे तीन दिसले. इंजिनकडून करंट मायनसकडे परत नेणारी अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली गंजली होती. पॉलिश पेपरने घासून आवळली, गाडी चालू. त्यांचे दोन बॅटऱ्यांचे पैसे उगाच गेले, याचं मला आजही वाईट वाटतं.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरीचा नाद सोडा. चावी नुसती ऑन करा. पेट्रोल गाडीत बहुधा मागच्या सीटखालून दोनेक सेकंद 'घूंऽऽ' ऐकू येतं, तो इंजिनला पेट्रोल पाठवणारा पंप. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज बघा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर गाडी चावी ओळखत नसेल, दुसरी चावी लावून बघा. गाडी उसाच्या रानालगत उभी असते? मग उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही बघा. दर वेळी सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

आणि पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर कितीतरी जणांनी दारातच सेल्फ मारून बघितला. इंजिनच्या सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर चावीला हात लावू नका. पाणी उतरलं की बॅटरीचा मायनस काढा, गाडी टो करून गॅरेजला आणा. स्पार्क प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय मी स्वतःही सेल्फ मारत नाही.