मोठ्या कोंबड्यांमध्ये नवी पिल्लं कशी सोडावीत

चार वर्षांपूर्वी मी पंचवीस दिवसांची सहा पिल्लं एका सकाळी थेट परड्यात, मोठ्या कोंबड्यांमध्ये सोडली. डालग्याखाली राहून ती कंटाळली असतील असं वाटलं होतं. कण्या आणायला घरात गेले आणि बाहेर येऊन पाहते तर एकाचं डोकं रक्तबंबाळ, बाकीची कुंपणाच्या कोपऱ्यात एकावर एक चढलेली. ते पिल्लू वाचलं नाही. टोचणारी कोंबडी आमची सगळ्यात गरीब, हातातून दाणे खाणारी होती. चूक तिची नव्हती, घाई माझी होती. त्यानंतर जी पद्धत बसवली तीच इथे लिहिते आहे.

कोंबड्या पिल्लांना का टोचतात हे आधी समजून घ्या. कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. दाण्यावर आधी कोण, दांडीवर कोणती जागा कोणाची, हे सगळं टोचूनच ठरतं. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डरूप-एब्बे यांनी 1921 सालच्या प्रबंधात ही उतरंड पहिल्यांदा नीट मांडली, पण कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही आजीला ती माहीत असते. नवं कोणी आलं की उतरंड पुन्हा लावावी लागते. आईबरोबर फिरणाऱ्या पिल्लाकडे सहसा कोणी वाकडा डोळा करत नाही, कारण आई पंख फुलवून अंगावर जाते. विकत आणलेल्या पिल्लांच्या मागे आई नसते. तिची जागा आपल्याला भरून काढायची आहे.

आधी पूर्ण वेगळी

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी करत जायचं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडी ठेवत असतील तर उकडतं आहे. खाली भाताचं तूस घाला आणि ते कोरडं ठेवा.

या काळात लसीकरण उरकून घ्या. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवसाच्या सुमारास, लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, मग सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस आणि मानमोडीचीच आरटूबी नावाची लस, असा क्रम साधारण पाळला जातो. तुमच्या भागासाठीचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. रोज आधी पिल्लांचं खाणंपाणी करा, मग मोठ्यांकडे जा. मोठ्या कोंबड्या धडधाकट दिसल्या तरी त्यांच्या विष्ठेतून रक्ती हगवणीचे जंतू पसरत असतात आणि ते चपलेला लागून पिल्लांपर्यंत येतात.

मिसळायचं वय आठ आठवड्यांच्या आत नको, दहा-बारा असेल तर उत्तम. अंगावर पूर्ण पिसं आलेली हवीत आणि आकार मोठ्यांच्या निम्म्याहून बराच जास्त हवा. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची पिल्लं भरभर वाढतात, सहा आठवड्यांतच गावठी कोंबडीच्या जवळपास दिसू लागतात. तेवढ्यावर विसंबू नका. अंग मोठं असलं तरी पळून सुटण्याची हुशारी अजून आलेली नसते. आणि एकटं पिल्लू कधीच सोडू नका. निदान तीन तरी एकत्र असावीत, म्हणजे सगळा मार एकावर येत नाही.

मग जाळीआड

सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लांचा पिंजरा मोठ्यांच्या परड्यातच आणून ठेवा. जाळीची भोकं अर्धा इंचाची घ्या. मोठ्या भोकातून पिल्लू मान बाहेर काढतं आणि नेमकं तिथेच टोचलं जातं. दोन्हीकडची खाण्याची भांडी जाळीला लागून समोरासमोर ठेवली की एकमेकांकडे बघत खायची सवय लागते. पहिले दोन-तीन दिवस कोंबड्या जाळीवर चोची मारतील. ते थांबलं, पिल्लांजवळून जाताना त्या मान वळवेनाशा झाल्या, की काम होत आलं. याला दोन आठवडे द्या. माझ्याकडे एकदा तीन लागले.

पळवाट

सगळ्या पद्धतीत मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. पिल्लांच्या पिंजऱ्याला एवढी फट ठेवायची की पिल्लू आत जाईल, मोठी कोंबडी जाणार नाही. आम्ही बांबूच्या कांबट्या उभ्या ठोकल्या आहेत, दोन कांबट्यांत चार ते पाच बोटांचं अंतर. गावठी कोंबडी अंगानं बारीक असते, तेव्हा तुमच्याकडच्या सगळ्यात लहान कोंबडीवर माप घ्या. पिल्लांचं खाद्य आणि पाणी या फटीच्या आत ठेवा.

मात्र पळवाट आहे हे पिल्लांना आधी शिकवावं लागतं. मोठ्या कोंबड्यांना तासभर कोंडून पिल्लांना बाहेर सोडा, मग आत वाळवी किंवा भिजवलेल्या कण्या टाकून हाक मारा. चार-पाच दिवस असं केलं की पाठलाग झाल्यावर ती न गोंधळता तिकडेच धावतात. याखेरीज परड्यात एक-दोन मोडकी डालगी उपडी टाका, एखादी फळी भिंतीला तिरकी लावा. पाठलाग करणाऱ्या कोंबडीला पिल्लू क्षणभर दिसेनासं झालं की ती बहुधा नाद सोडते.

पहिली भेट

संध्याकाळी सोडा, दिवेलागणीच्या तासभर आधी. तोपर्यंत कोंबड्यांचे गळे भरलेले असतात आणि थोड्या वेळात अंधार होऊन भांडण आपोआप मिटतं. पालेभाजीच्या जुड्या चार ठिकाणी टांगा, दाणे लांब लांब पसरा. पाण्याची भांडीही दोन-तीन हवीत, कारण वरचढ कोंबडी एका भांड्यापाशी पहारा देते आणि पिल्लू दिवसभर तहानलेलं राहतं.

आणि तुम्ही तिथेच बसा. एक टोच मारली, पिल्लू ओरडून बाजूला झालं, हे चालायचंच. मध्ये पडू नका. पण खाली दाबून धरून डोक्यावर पुन्हा पुन्हा टोचत असेल, किंवा दोघी-तिघी मिळून एकाच्या मागे लागल्या असतील, तर लगेच सोडवा. रक्त दिसलं की पिल्लू त्याच क्षणी बाजूला घ्या. लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचू लागतात. जखम धुऊन जेंशन व्हायोलेट हे जांभळं औषध लावा, लाली झाकली जाते. जखम भरल्याशिवाय परत सोडू नका.

एकच कोंबडी सतत त्रास देत असेल तर पिल्लांना कोंडू नका, तिला कोंडा. तीन-चार दिवस नजरेआड ठेवून परत आणली की तिला स्वतःची जागा नव्याने मिळवावी लागते, पिल्लांकडे बघायला तिला वेळ राहत नाही.

कोकणात जून-जुलैत हा खटाटोप नकोच. मुसळधार पावसात सगळी खुराड्यात कोंडलेली, पळायला जागा नाही, खालचं तूस ओलं. पिल्लं पावसाच्या तोंडावर तयार झाली तर श्रावणात उघडीप मिळेपर्यंत जाळीआडच राहू द्या.

रात्र

सुरुवातीचे आठ-दहा दिवस पिल्लं रात्री स्वतःच्या पिंजऱ्यातच झोपवा. दिवसा शांतता झाली की एका रात्री अंधार पडल्यावर एकेक उचलून मोठ्यांच्या खुराड्यातल्या दांडीवर ठेवा, कडेच्या बाजूला. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, त्यामुळे तेव्हा कोणी भांडत नाही. भांडण होतं ते पहाटे, म्हणून दुसऱ्या दिवशी उजाडताच दार उघडायला हजर राहा. दांडीवर दर पक्ष्याला 20 ते 25 सेंटीमीटर जागा हवी. कडी नीट लावा, मुंगसाला बोटभर फटही पुरते.

घरात कोंबडी खुडूक बसली असेल तर हा बराचसा व्याप टळतो. ती दोन आठवडे तरी पक्की बसलेली असताना, एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री तिच्या पोटाखाली सरकवा आणि अंडी काढून घ्या. सकाळी तिने घुमत्या आवाजात बोलावलं, तर तिने ती आपली मानली. टोचू लागली तर लगेच काढा आणि बल्बखाली न्या.

खाद्य

एकत्र आल्यावर सगळ्यांना लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, घालू नका. त्यात अंड्याच्या कवचासाठी भरपूर कॅल्शियम असतं आणि ते लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना बाधतं. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य द्या आणि कुटलेल्या शिंपल्या वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणाऱ्या कोंबड्या आपल्या गरजेप्रमाणे त्या खातात, पिल्लं फारशी तोंड लावत नाहीत. तलंगांचे, म्हणजे वयात येणाऱ्या या नव्या कोंबड्यांचे, तुरे लाल होऊन त्या घरट्यात डोकावू लागल्या, पहिली अंडी दिसली, की मग सगळ्यांना लेअर खाद्य सुरू करा.