ट्रेमधली माती आणि तीन गोळे

आमचा काळू बोका कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली कधी उतरत नाही, त्यामुळे त्याची शी-शू मातीच्या ट्रेमध्येच. सहा वर्षं रोज सकाळी चहाआधी मी तो ट्रे साफ करते.

ट्रेसाठी माती विकत घेताना पिशवीवर ‘बेंटोनाइट’ आणि गोळा धरणारी माती, असं दोन्ही लिहिलेलं बघा. बेंटोनाइट आपल्याकडे कच्छात आणि राजस्थानात निघतं. पाणी लागलं की ते फुगतं आणि शूचा घट्ट गोळा बनतो. गोळा न धरणारी माती स्वस्त मिळते, पण शू तळाला झिरपते आणि आठवडाभरात सगळा ट्रे उपसावा लागतो.

घरी आणल्यावर वाटीभर मातीत दोन चमचे पाणी ओता, पंधरा मिनिटं थांबा आणि झाऱ्याने अलगद उचला. गोळा अख्खा आला तर माती चांगली. झाऱ्यातून भुगा गळत राहिला तर ती पुढच्या वेळी घेऊ नका. मूठभर माती हातभर उंचीवरून सोडूनही बघा. फार धुरळा उडाला तर मांजराच्या छातीला त्रास, आणि आपल्याही. वासाची माती तर नकोच. मी एकदा लव्हेंडरची आणली, तर काळू दोन दिवस ट्रेकडे फिरकला नाही, आईच्या गोधडीवर शू केली. चूक त्याची नव्हती.

अगदी लहान पिल्लं माती तोंडात घालतात आणि ती पोटात फुगते. तीन-चार महिन्यांची होईपर्यंत त्यांच्या ट्रेमध्ये मातीऐवजी लाकडाच्या भुशाच्या गोळ्या घाला.

थर दोन-अडीच इंचांचा हवा. गोळे रोज काढा, तेवढीच नवी माती घाला. महिन्याने सगळी टाकून ट्रे साबणाने धुवा. फिनाईल वापरू नका, ते मांजरांना विषारी असतं. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावं: शीतून टोक्सोप्लाझ्मा या सूक्ष्म परजीवीचा संसर्ग होऊ शकतो. दोन मांजरं असतील तर ट्रे तीन ठेवा.

काढलेली माती कमोडमध्ये ओतू नका, पाइपात फुगून बसते. कागदात घट्ट गुंडाळा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आत काय आहे ते सांगून वेगळी द्या. त्या हाताने कचरा निवडतात. जुलैत पिशवी उघडी राहिली तर माती दमट हवेनेच ओल धरते. मी झाकणाच्या धान्याच्या डब्यात भरते.

आणि गोळे मोजा. काळूचे दिवसाला तीन असतात. गेल्या श्रावणात एका सकाळी ट्रे कोरडा होता आणि काळू आत बसून नुसता कुंथत होता. पोटाला हात लावला तर ओरडला. तासाभरात त्याला डॉक्टरांकडे नेलं. मूत्रमार्ग तुंबला होता, नळी घालावी लागली. बोक्यांना हा त्रास झाला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. ट्रे कोरडा दिसला आणि बोका कुंथताना दिसला, तर संध्याकाळची वाट बघू नका.