गिटारचा पीस फाइलवरून बसवताय? या चुका टाळा

लॅपटॉपवर गाणं लावून पीस बसवायला घेतला आणि कुठे अडलं, की आपण बोटांना दोष देतो. बरेचदा बोटं ठीक असतात, घोळ फाइलमध्ये किंवा सेटिंगमध्ये असतो.

हळू केलं आणि पट्टी उतरली

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग बदलणारे दोन वेगळे इफेक्ट आहेत. 'स्पीड'वाला लावला तर लयीबरोबर सूरही उतरतो, ओढल्या गेलेल्या कॅसेटसारखा. ७५ टक्के वेगावर जवळपास ५ सेमीटोन (पेटीच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन), म्हणजे काळी एकचं गाणं काळी चारला जाऊन बसतं. ५० टक्क्यांवर अख्खं सप्तक खाली. तुम्हाला हवा तो 'चेंज टेम्पो'. त्यात उणे २५ टाका, पट्टी हलणार नाही. मात्र निम्म्याहून हळू केलं तर प्रत्येक स्ट्रोकची सुरुवात फिसकटते आणि ठेका कुठे पडतो तेच कळत नाही. ६० ते ८० टक्क्यांत काम होतं.

वेग मूळचा आहे, तरी सगळेच सूर जरासे बेसूर? जुन्या कॅसेटवरून उतरवलेली फाइल २०-३० सेंट चढी किंवा उतरी असू शकते (१०० सेंट म्हणजे एक सेमीटोन). दर गाण्याला गिटार पिळत बसू नका, फाइल सुधारा. गाणं ३० सेंट चढं असेल तर 'चेंज पिच'मध्ये सेमीटोनच्या चौकटीत उणे ०.३ द्या.

मिडी फाइलला तार माहीत नसते

कुठला सूर, कधी, किती वेळ, किती जोरात, एवढंच मिडीत असतं, ध्वनी नाही. तार आणि फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा खण) नसतो. पहिल्या मोकळ्या तारेचा 'ई' दुसऱ्या तारेच्या ५व्या, तिसरीच्या ९व्या आणि चौथीच्या १४व्या फ्रेटवरही मिळतो. टक्सगिटार किंवा गिटार प्रो या सॉफ्टवेअरमध्ये मिडी उघडली की सॉफ्टवेअर जागा अंदाजाने ठरवतं. मग टॅबमध्ये (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते दाखवणाऱ्या लेखनात) लागोपाठच्या दोन सुरांसाठी हात आठ-दहा फ्रेट धावतो आणि शिकणारा तेच इमानेइतबारे घोटत बसतो. कुठलाही गिटारवादक असं वाजवत नाही. अख्खी फ्रेज चार-पाच फ्रेटच्या आत बसेल अशा तारांवर सूर हलवा, मग सराव करा.

सगळेच सूर १२व्या फ्रेटच्या वर दिसत असतील तर फाइल बहुधा एक सप्तक चढी आहे. गिटारचं नोटेशन प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक सप्तक वर लिहितात. ते ध्यानात न घेता बनवलेली मिडी अशी येते. १२ सेमीटोन खाली आणा.

कॅपोही (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चाप) बघा. काळी एकच्या गाण्याचा टॅब सोप्या 'सी' आकारांत दिसला तर तो बहुधा पहिल्या फ्रेटवर कॅपो धरून लिहिलेला असतो.

वेगळी केलेली गिटार

गाण्याचे चार भाग करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गायन, ड्रम्स आणि बेस निघाल्यावर गिटार उरते ती 'इतर'मध्ये, व्हायोलिन आणि हार्मोनियमसकट. तिथे ऐकू येणारा एखादा पुसट सूर गिटारचा असेलच असं नाही, मूळ गाण्यात खात्री करा. आणि आधी भाग वेगळे करा, मग हळू करा. उलटं केलं की चरचर वाढते.

हेडफोन

शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून रात्री ब्लूटूथ लावता? आवाज साधारण १०० ते ३०० मिलिसेकंद उशिरा येतो. नुसतं ऐकून अकूस्टिक वाजवायला हरकत नाही, कारण तुम्ही ऐकलेल्या ठेक्यालाच धरून असता. पण इलेक्ट्रिक गिटार सॉफ्टवेअरमधून ऐकत असाल किंवा रेकॉर्ड करत असाल तर वायरचाच हेडफोन हवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो.

लोकलमध्ये एकाच कानात इअरफोन घालून पीस पाठ करणं हीसुद्धा चूकच. पुष्कळ गाण्यांत दुसरी गिटार फक्त डाव्या किंवा उजव्या बाजूला ठेवलेली असते. ती मग तुमच्यासाठी नसतेच. स्टेशनची घोषणा ऐकायला एक कान मोकळा हवाच असेल तर फोनमध्ये 'मोनो ऑडिओ' सुरू करा, म्हणजे दोन्ही बाजू त्याच कानात येतील.

लूप

एमपी३चा तुकडा कापून लूप केला, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजत ठेवला, की दर फेरीला बारीकशी शांतता येते, कारण एन्कोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरतो. तुकडा वेव्ह म्हणून सेव्ह करा. आणि तो नेमका बारच्या (मात्रांच्या एका गटाच्या) रेघेवर कापू नका. एक मात्रा आधीपासून पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेपर्यंत घ्या, नाहीतर तुकडे पाठ होतात आणि सांधा कच्चा राहतो.