जर्मनीत घर थाटताय? इंदुरी मंडळींसाठी सणवारासकट गाइड

सध्या सुट्टीवर इंदुरात आलीय आणि सुदामा नगरच्या घरी रोज कोणी ना कोणी चौकशीला येतंच, कोणाचा मुलगा स्टुटगार्टला मास्टर्स करायला चाललाय, कोणाची सून म्युनिकला जॉब लागून, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच, थंडी किती, पोहे मिळतात का, काय काय न्यायचं. तर एकदाच लिहून टाकते. थंडीचं टेन्शन घेऊच नका, जॅकेट तिथंच जाऊन घ्या, इथून नेलेलं जाडजूड स्वेटर कपाटात पडून राहतं. पोहे मिळतात. खरी शिकायची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे तिथे काय कधी बंद असतं आणि कधी आवाज करायचा नसतो. हे तिथलं पंचांग एकदा डोक्यात बसलं की आपले सणही त्यात बसवता येतात.

आधी बॅग. युरोपियन युनियनच्या बाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे, मावाबाटी, घरचं तूप सगळं बाद. आई डब्यात लपवून देईल, घेऊ नका, कस्टमवाल्यांनी पकडलं की डबा जातो आणि वर दंड. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना सर्टिफिकेट लागतं, सूट फक्त अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळाला. पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या इथल्याच एअरपोर्टवर काढून घेतात, तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून, तेव्हा त्या भरू नका. डाळ-तांदळात वजन घालवण्यात अर्थ नाही, ते सगळं इंडियन दुकानात मिळतं. न्यायचंच तर जिरावन म्हणजे आपला पोह्यांवरचा मसाला, लौंगी सेव, आईच्या हातचा काळा मसाला, भाजणी, मेतकूट. जिरावनशिवाय पोहे म्हणजे नुसताच नाश्ता झाला, आणि ते तिथे शोधून सापडत नाही.

पोचल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे राहायचा पत्ता ब्युर्गरआम्टमध्ये, तिथल्या नागरिकांच्या सरकारी ऑफिसात, नोंदवणं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत करायचं असतं आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, उच्चार जमला नाही तरी चालेल पण चावी घेतानाच तो कागद मागून घ्या. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट महिनाभर मिळत नाही म्हणून ती इंदुरात बसूनच ऑनलाइन बघायला लागा. आणि हो, लेटरबॉक्सवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा, त्याच दिवशी, साध्या कागदावर लिहून का होईना. तिथे बहुतेक बिल्डिंगांमध्ये फ्लॅटला नंबरच नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसलं की पत्र परत. टॅक्स नंबर, बँकेच्या कार्डाचा पिन, इन्शुरन्स कार्ड सगळं पोस्टानेच येतं, त्यामुळे एका चिठ्ठीपायी महिनाभर सगळं अडकून बसू शकतं.

त्याच पेटीत थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, रुंडफुंकबाइट्राग. महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो नसो. पोरं फ्रॉड समजून फेकून देतात आणि मग दंडासकट येतं. ही फी माणशी नसून घरटी असते, म्हणजे चार जण एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याच्या फीचा नंबर कळवून मोकळं व्हायचं.

आता रविवार. भिया, हे नीट वाचा. शनिवारी रात्री सुपरमार्केटचं शटर पडलं की ते सोमवारी सकाळीच उघडतं, मधे काही नाही. रविवारची विश्रांती तिथे थेट संविधानात आहे, १९१९ च्या वायमार संविधानातलं कलम आजच्या संविधानातही तसंच ठेवलंय, त्यामुळे कोणी दुकानदार हौसेने उघडतो म्हटला तरी त्याला उघडता येत नाही. बेकरी सकाळी काही तास असते, पेट्रोल पंपावर दूध-ब्रेड महागात मिळतं, आणि मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं चालू असतात. रात्री बारा वाजता सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पण लागतो तेवढाच, नंतर शनिवारी सकाळी यादी घेऊन बाहेर पडायची सवय होते.

दुकानासारखाच आवाज. रात्री १० ते सकाळी ६ शांतता, आणि रविवारी व सुट्टीच्या दिवशी दिवसभर. भिंतीत ड्रिल मारायचं नाही, फर्निचर ठोकायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, त्या डब्यांवर वेळा लिहिलेल्या असतात त्या वाचा. कुकरची शिट्टी आणि मिक्सरला कायद्याने कोणी अडवत नाही, पण जुन्या बिल्डिंगा लाकडी तळाच्या, रविवारी सकाळी सातला चटणी वाटलीत तर खालची आजी दारात येते. वाटणघाटण शनिवारी उरकून टाका.

स्वयंपाकाचं अजून एक. खोल्यांमध्ये छताला स्मोक अलार्म असतो, लावणं सक्तीचं आहे, आणि लाल मिरचीची फोडणी त्याला अजिबात सहन होत नाही. फोडणीच्या आधी स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी. खिडकी तशीही रोज दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची असते, हिवाळ्यात पण, हीटर बंद करून. आपल्याला वाटतं एवढ्या थंडीत कोण उघडेल, पण नाही उघडली तर वाफ भिंतीत जिरते, काळी बुरशी धरते आणि घर सोडताना घरमालक डिपॉझिटमधून कापतो. डिपॉझिट म्हणजे जास्तीत जास्त तीन महिन्यांचं भाडं, हीटिंग-पाणी सोडून, त्यामुळे रक्कम काही लहान नसते.

कचऱ्यात मात्र आपण इंदुरी लोक आधीच पास आहोत. २०१७ पासून शहर स्वच्छतेत पहिलं, ओला-सुका वेगळा नसला की गाडीवाला डबा तसाच परत करतो, या शिस्तीत वाढलेल्या पोरांना तिथे नवं फारसं काही नाही. पॅकिंगचं प्लास्टिक पिवळ्यात, कागद बहुतेक निळ्यात, भाजीची सालं ब्राऊन डब्यात, तेलकट पिझ्झा बॉक्स कागदात टाकायचा नाही, तो उरलेल्या कचऱ्यात. काच रंगाप्रमाणे, पांढरी, ब्राऊन, हिरवी, आणि निळी बाटली असली तर ती हिरव्यात. पाण्याची, कोकची प्लास्टिक बाटली मात्र टाकू नका, तिच्यावर २५ सेंट फांड म्हणजे डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातली की पावती येते आणि ती बिलातून वजा होते.

सुट्ट्या. अख्ख्या देशाला कॉमन अशा नऊच आहेत, बाकी राज्याराज्यावर. ३ ऑक्टोबर त्यांचा एकीकरणाचा दिवस, १९९० चा, म्हणजे आपली गांधी जयंती झाली की दुसऱ्याच दिवशी. म्युनिकवाल्यांची मजा आहे, बव्हेरियात सगळ्यात जास्त सुट्ट्या आणि तिथे १५ ऑगस्टलाही सुट्टी असते, मेरीच्या सणाची, पण झेंडावंदन करून घरी येऊन झोपायला कोणाची ना आहे. बर्लिनला ८ मार्च. सुट्टी रविवारी आली तर गेली, सोमवारी बदली मिळत नाही. इस्टरच्या आधीचा शुक्रवार फार गंभीर दिवस असतो, बऱ्याच राज्यांत त्या दिवशी डान्स पार्टीला बंदी आहे, तेव्हा कोणाचा वाढदिवस तेव्हा दणक्यात करायचं ठरवू नका. वाढदिवसावरून आठवलं, आदल्या दिवशी कोणाला ॲडव्हान्समध्ये विश करू नका, अपशकुन मानतात. आणि केक ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसला न्यायचा असतो, वाट बघत बसलात तर कोणी आणणार नाही.

कायद्याने पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाची २० दिवस रजा मिळते, बहुतेक ठिकाणी जास्तच देतात, पण सगळे लोक जानेवारीतच वर्षभराची रजा टाकून ठेवतात. बहुतेक वेळा मे महिन्यात येणारा असेन्शनचा, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाचा, सण कायम गुरुवारी असतो, शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे, आणि हे सगळ्यांना माहिती असतं, त्यामुळे जो आधी टाकेल त्याचा शुक्रवार. तुम्ही जानेवारीत कालनिर्णय उघडून गणपती आणि दिवाळी टाकून ठेवा. लाजू नका, एक ओळीत सांगा की हा आमचा मोठा सण आहे, बॉसला आवडतंच, त्याला फक्त आयत्या वेळी सांगितलेलं आवडत नाही.

२०२६ चंच बघा. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. आदल्या दिवशी रविवार, म्हणजे फुलं, नारळ, तांदळाची पिठी, गूळ सगळं शनिवारपर्यंत घरात हवं. दूर्वा बागेत मिळत नाहीत अशातला भाग नाही पण कुठलं गवत तोडतोय ते बघून तोडा. मूर्ती इथून न्यायची तर वीतभर शाडूची, हँडबॅगेत कपड्यात गुंडाळून. विसर्जन नदीत किंवा तळ्यात करायचं नाही, परवानगी नसते, घरी बादलीत करायचं आणि माती कुंडीत घालायची. टाळ-झांजांची आरती संध्याकाळी ७-८ पर्यंत उरका. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत, ती गणपती वीकेंडला करतात, सोवळ्याच्या आजीला हे पटणार नाही, पण सत्तर-ऐंशी माणसांच्या मोदकांच्या पंगतीत बसायला मिळतं ते फक्त शनिवारीच.

दिवाळीत लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, तेही रविवारी, म्हणजे परत तोच शनिवारचा बाजार. फटाके विसरा. तिथे फटाके वर्षाच्या शेवटच्या तीन कामाच्या दिवसांतच विकतात आणि ३१ डिसेंबर-१ जानेवारीलाच उडवता येतात, तेव्हा मात्र शांतताप्रिय लोक असे काही उडवतात की आपलं राजवाडा मागे पडावं. फुलबाज्या वर्षभर चालतात, वुंडरकेर्त्सन म्हणून मिळतात. आकाशकंदिलाची एक युक्ती सांगते, ११ नोव्हेंबरला लहान मुलं सेंट मार्टिनसाठी कागदी कंदील घेऊन मिरवणुकीत फिरतात, त्यामुळे ऑक्टोबरपासून दुकानांत पतंगी कागद, कंदिलाचे किट आणि बॅटरीचे दिवे लावलेल्या काड्या ढिगाने असतात. बाल्कनीत मस्त लागतो. शेजाऱ्यांची मुलं विचारायला येतात, त्यांच्या हातावर शंकरपाळी ठेवा, ओळख होते ती अशीच.

फराळाचं सामान साध्या सुपरमार्केटमध्ये असतं, फक्त नावं पाठ करा, रवा म्हणजे ग्रीस, बेसन म्हणजे किखरएर्ब्सनमेल, तूप म्हणजे बुटरश्मालत्स. आणि श्रीखंडासाठी चक्का बांधत बसायची गरज नाही, क्वार्क नावाचा प्रकार तयारच मिळतो. तीन-चार तऱ्हेचा असतो, त्यातला ४० टक्के फॅटवाला घ्या, मागेर लिहिलेला घेऊ नका, तो कोरडा आणि खरखरीत लागतो. सुती फडक्यात घालून चाळणीत ठेवा, खाली वाडगं, वर एक बशी, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वाडग्यात अर्धी वाटी पाणी सुटलेलं असतं आणि फडक्यात असा चक्का की सुरी घातली तर सरळ उभी राहते. आपल्या चक्क्याइतका आंबट नसतो म्हणून पिठीसाखर हात राखून घाला, चमच्याने चाटून बघत, मग केशर, वेलची. पाडव्याला पुरी-श्रीखंड एवढं सोपं इंदुरातही नाही. ऑफिसला फराळ नेलात तर शेजारी एका कागदावर लिहून ठेवा की दाणे कशात आहेत, काजू कशात, तूप कशात, ॲलर्जी आणि व्हीगन हे दोन प्रश्न येणारच. चकली आधी संपते. अनारसे कोणाला कळत नाहीत, ते आपल्यासाठी ठेवा.

रंगपंचमीची गेर, आपली रंगांची मिरवणूक, आठवून जीव कासावीस होणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोलोनला जावं, रोझनमोंटागला, म्हणजे त्यांच्या कार्निव्हलच्या सोमवारी. रंग नाही, पण गाड्यांवरून लोक चॉकलेट-गोळ्या फेकतात, वेषांतर केलेली लाखो माणसं रस्त्यावर, आणि अधिकृत सुट्टी नसूनही शहर बंद.

आणि ख्रिसमस. २४ डिसेंबरला दुपारी २ पर्यंत दुकानं बंद होतात, २५-२६ सुट्टी. २०२६ मध्ये २५ ला शुक्रवार, २६ ला शनिवार, मग रविवार, म्हणजे सलग तीन दिवस काही मिळणार नाही, दूध, कांदे, बटाटे, डोकेदुखीची गोळी सगळं २३ ला भरून ठेवा. २४ ची संध्याकाळ तिथे फक्त घरच्यांची असते, रस्ते ओस, कोणी त्या दिवशी जेवायला बोलावलं तर तो मोठा मान आहे, नाही म्हणू नका, फूल किंवा चॉकलेट घेऊन वेळेवर जा, वेळेवर म्हणजे वेळेवरच. कोणी बोलावलं नाही तर आपली चार मंडळी आधीच ठरवून एका घरी जमा, पुरणपोळी करा, पत्ते काढा, पहिल्या वर्षी त्या दिवसांत एकट्याने खोलीत बसायचं नाही. आजारी पडलात आणि अगदी इमर्जन्सी असली तर ११२, दवाखाने बंद असताना साध्या तापाला ११६११७.

घरी फोनची वेळ पण ठरवून ठेवा. हिवाळ्यात इंदूर साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं. म्हणजे गणपतीत घरची ७ ची आरती व्हिडिओवर हवी असेल तर तिथे दुपारचे साडेतीन, मीटिंग नको त्या वेळेला, आणि दिवाळीत तीच ७ ची पूजा अडीचला. आईबाबांच्या फोनमध्ये जर्मनीचं घड्याळ आत्ताच लावून द्या, नाहीतर सकाळी सातच्या चहाबरोबर फोन येतो आणि तिथे पहाटेचे अडीच.