परसातली घूस शेवटी पिंजऱ्यात आली

आमच्या चिपळूणच्या घरामागे अळू, रताळी आणि थोडी हळद आहे, गणपतीनंतर बघतो तर रताळ्याचे वेल वरून हिरवेगार आणि खाली कंद अर्धे कुरतडलेले, कुंपणाच्या गडग्याला लागून बिळं आणि तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग. उंदीर नाही, घूसच. विष घालायचं नव्हतं, घरात मांजर आहे आणि शेजारची कोंबडी दिवसभर आमच्याकडेच.

आधी मी पिंजरा लावला तो थेट खटका चढवून, चार रात्री काहीच नाही. मग आमच्या काकांनी सांगितलं की ती नव्या वस्तूला बिचकते, आधी सवय होऊ दे. म्हणून संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवली, सकाळी दोनच उकरलेली दिसली, म्हणजे राहती तीच. त्यांच्या वाटेवर गडग्याला चिकटून पिंजरा ठेवला, दार तारेने बांधून उघडंच, आत भाजलेल्या सुकटीत कालवलेला भाकरीचा तुकडा. तीन रात्री तिला फुकट खाऊ दिलं आणि चौथ्या रात्री खटका चढवला. पहाटे धाडकन आवाज आला, चांगली मांजराच्या पिल्लापेक्षा मोठी, अंगावरचे केस ताठ करून गुरगुरत होती.

आठवड्यात अजून एक मिळाली. हातमोजे घालाच, घुशीच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, एक तापाचा आजार) होतो, पिंजरा पण ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवून उन्हात ठेवा. बिळात खडी ठासून वर सिमेंट ओतलंय, आता रोज सकाळी एक फेरी मारतो, कुठे ताजी माती दिसते का बघायला.