कांद्याच्या गोंड्यात बी भरायचं असेल तर

बियाण्याच्या कांद्याचे गोंडे, म्हणजे फुलांचे गेंद, टपोरे दिसतात, पण मळणीला पोतं अर्धंच भरतं. मग दोष खताला दिला जातो. त्याआधी पिकत आलेला गोंडा तळहातावर चोळून बघा. एका फळात तीन कप्पे, कप्प्यात दोन, असे जास्तीत जास्त सहा दाणे. एखाद-दुसराच दाणा काळा आणि बाकी पापुद्रा निघाला, करपा रोगही नाही आणि उन्हाचा झटकाही बसलेला नाही, तर मधमाशी कमी पडली. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतं. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो, आणि ते काम माशी करते. खात्री हवी असेल तर पाच-सहा गोंड्यांना उमलण्याआधी मलमलची पिशवी बांधा आणि शेवटी उघड्या गोंड्यांशी दाणे ताडून बघा; फारसा फरक नसेल तर माशी आलीच नाही.

खान्देशात ही उणीव उशिरा कळते. केळी परागीभवनाशिवाय फळ धरते, कपाशी बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवते. कांदा, कलिंगड, शेवगा घेणाऱ्याला मात्र फटका बसतो. बांधावरची करंज-चिंचही माशीवाचून कमी फळते, फक्त त्याचा हिशेब कुणी मांडत नाही.

मधमाश्यांच्या पेट्या एकरी दोन धरा. गोंड्यातली साधारण दहा टक्के फुलं उमलली की आणा, आधी नको. कांद्याचा मकरंद माशीला फारसा आवडत नाही. पेटी लवकर आली तर माशा शेजारच्या मोहरीवर किंवा धण्यावर जातात आणि तीच वाट धरून बसतात. भाड्याची पेटी घेताना झाकण उघडायला लावा. मेलिफेराच्या (पेटीत पाळतात ती युरोपीय मधमाशी) पोळ्याच्या दहा चौकटींपैकी निदान सहा माशांनी झाकलेल्या हव्यात आणि उघड्या घरांत अळ्या दिसायला हव्यात. अळ्यांना पराग लागतो, म्हणूनच माशा पराग गोळा करत हिंडतात. अळ्या नसलेली पेटी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

पेटी हलवायची ती रात्रीच. अंधार पडल्यावर दाराला जाळी ठोका, चौकटी गाडीच्या लांबीला समांतर ठेवा आणि उजाडण्याआधी शेतात दार उघडा. त्याच गावात किलोमीटरभर सरकवलेली पेटी फसते, कारण माशा जुन्या जागेवर परततात. तीन किलोमीटरच्या आत हलवू नका.

पेटी फूटभर उंच घोडीवर, तोंड पूर्वेला, दुपारी सावली येईल अशी ठेवा. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंगळे चढतात. सातेरी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी देशी माशी, तर मुंगळ्यांना आणि उन्हाला कंटाळून सरळ पेटी सोडून जाते. फेब्रुवारीच्या शेवटापासून झाकणावर ओलं गोणपाट टाका. जवळ उथळ भांड्यात पाणी आणि त्यात खडे ठेवा, म्हणजे माशा बुडत नाहीत.

खरं नुकसान फवारणीत होतं. फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधी उरकून घ्या. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल यांना हात लावू नका. अगदीच गरज पडली तर पाच टक्के निंबोळी अर्क, तोही सूर्य मावळल्यावर. शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर औषध पडणार असेल तर आदल्या रात्रीच जाळी लावा आणि पेटीवर ओलं गोणपाट घाला. एका दिवसापेक्षा जास्त कोंडू नका, माशा घुसमटतात. पेटीसमोर मेलेल्या माशांचा सडा, काही जिवंत पण गिरक्या घेणाऱ्या, असं दिसलं तर विषबाधाच समजा.

फुलोऱ्यात तुषार सिंचन बंद ठेवा, पराग धुऊन जातो. ठिबकचं किंवा पाटाचं पाणी चुकवू नका, झाड तहानलं की मकरंद आटतो. माशी साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन राबते. त्या वेळात मजूर, खुरपणी, ट्रॅक्टर प्लॉटबाहेर.

भाड्याच्या पेट्या परत जातात, गावची माशी राहते. फुलोरी माशी बांधावरच्या झुडपात पोळं बांधते, आग्या उंच झाडावर. दोघी पेटीत राहत नाहीत, त्यामुळे बोरी-बाभळी तोडून बांध चकाचक केला की फुलोरी गेलीच. आग्याचं पोळं टेंभा लावून जाळू नका. पोळं अख्खं कापलं तर त्यातली सगळी पिलावळ मरते. मधाचा भाग वरच्या कोपऱ्यात असतो, तेवढाच जाणकाराकडून काढून घ्या आणि खालचा पिलांचा भाग फांदीवर राहू द्या.