आमसुलाचा उद्योग आणि जिल्हा उद्योग केंद्र : कोणते काम कोठे होते

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात आमसूल, आगळ (रातांब्यांचा खारवलेला रस) अथवा काजूगर तयार करण्याचा उद्योग काढू इच्छिणाऱ्याने आधी हे लक्षात घ्यावे की, उद्योग संचालनालयाच्या अखत्यारीतील जिल्हा उद्योग केंद्र स्वतः कर्ज देत नाही. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत ते अर्ज तपासून बँकेकडे शिफारस करते आणि अनुदानाची बाजू पाहते. कर्ज मंजूर करायचे की नाही, हे बँकच ठरवते. अन्नपदार्थाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो, तर पाकिटावरील वजन व किंमत यांचे नियम वैधमापन यंत्रणा पाहते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, सर्वप्रथम करावी. १ जुलै २०२० पासून ती आधारच्या आधारे ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, म्हणून तिच्यासाठी कोणालाही पैसे देऊ नयेत.

कोकणातील खरी अडचण जागेची असते. सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची सामाईक नावे असतात आणि निम्मे हिस्सेदार मुंबईत असतात; त्यामुळे बँकेने कागद मागितल्यावर संमतीपत्रांसाठी धावपळ करण्यापेक्षा, गणपतीला सगळे घरी आलेले असतानाच ती लेखी घेऊन ठेवावीत. ते जमत नसेल, तर ज्या जागेचे कागद स्वच्छ आहेत अशी जागा रीतसर भाडेकराराने घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

प्रकल्प अहवाल दुसऱ्याच्या अहवालावरून उतरवू नये. आमसूल ज्यांपासून होते ती कोकमाची फळे, म्हणजे रातांबे, पावसाच्या तोंडावर मिळतात, तेवढ्या थोड्या आठवड्यांत वर्षभराचा माल विकत घ्यावा लागतो, आणि विक्री मात्र पुढे कित्येक महिने चालते; म्हणून खेळते भांडवल आणि हप्त्यांचे वेळापत्रक या हंगामाप्रमाणे मांडले नाही, तर पहिल्याच वर्षी हप्ता थकण्याची भीती असते.

उद्यम नोंदणीचा आणखी एक उपयोग पुष्कळांना ठाऊक नसतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकासाच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यायचे असतात. ते थकल्यास याच कायद्याखाली अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे व्याजासह दावा करता येतो. नोंदणी मालाचा व्यवहार होण्यापूर्वीची असावी आणि माल पोहोचल्याची सही-तारखेची पावती प्रत्येक खेपेला घेऊन जपून ठेवावी, कारण दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.